झोपलंय ते!

...आणि वर मलाच विचारतात, "काका, अस्वल कुठंय?" आता काय सांगू, कपाळ माझं? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं या प्राणिसंग्रहालयात काढली, अस्वलाच्याच पिंजऱ्यावर, पण असले दिवस नाही बघितले! अहो, गेलं ते. नऊ दिवस झाले. मामा म्हणायचो मी त्याला. म्हातारं झालं होतं, माझ्या हातचं केळं अर्धं ठेवून गेलं. पण साहेब म्हणाले, "वरून कागद येईपर्यंत ते नोंदवहीत जिवंत आहे. कुठं बोलायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, झोपलंय ते!"

बरं, नोंदवहीत जिवंत म्हणजे खुराकही चालू! रोज दोन डझन केळी, सही करून घ्यायची. परत पाठवायची तर त्यालाही कागद लागतो! घरी नेली, तर बायको म्हणते, "आता केळ्याचं नाव काढलंत तर बघा!" तिलाही सांगितलेलं नाही हो... तिला वाटतं, मामाची भूक मंदावलीय.

काल शाळेची सहल आली. चाळीस पोरं, चाळीस वह्या, प्राण्यांची माहिती घ्यायला! मी आपला सांगतोय, काय खातं, पाण्यात कसं डुंबतं, कानामागं खाजवलं की कसे डोळे मिटतं... जसं काही आत्ता उठून येणारच आहे! त्यांच्या बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "अहो, पण दिसत का नाही?" म्हटलं, झोपलंय ते. "इतका वेळ?" हो बाई, गाढ झोपलंय ते! पण पोरं हलतील तर शपथ! शेवटी साहेबांनी मला बाजूला ओढलं. "मागच्या दारानं त्याच्या गुहेत जा. आणि घोरा!"

घोरलो! करता काय, नोकरी आहे. आत गवताला अजून त्याचाच वास... त्याच्याच जागेवर आडवा झालो आणि लावला सूर. बाहेर टाळ्या! पण चौथ्या-पाचव्या घोरण्याला काय झालं कुणास ठाऊक... इतक्या दिवसांचं साठलेलं, एकदम बाहेर आलं. तोंडात गवत कोंबलं, तरी हुंदका थांबेना! बाहेरून एक बारीक आवाज आला, "बाई, ते रडतंय!"

बाई काय म्हणाल्या, माहितीये? "जनावरं रडत नसतात, बाळ. लिहून घ्या सगळ्यांनी." आणि चाळीस जणांनी लिहून घेतलं हो!

साहेब मात्र खूश! "वा, अगदी हुबेहूब! उद्या तीन शाळा आहेत." मी म्हटलं, साहेब, एक दिवस रजा मिळेल का? तर कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "कशाला? कोण गेलं?"

...कुणी नाही, साहेब. झोपलंय ते.