बाटलीतली राणी

—अगं, पण महादेवाला मी शब्दच तसा देऊन बसले होते ना, कामिनी! माझ्या ज्योतीला शिरपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळू दे, दिवाळीपर्यंत या घरात एकही जीव मारू देणार नाही. मिळाला. आता मोरीच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं, त्यात माझा काय दोष? — बरं, बरं, तुला डसली, हात सुजला, तू पोळं जाळायला निघालीस आणि मी अंगावर ओरडले, "मोठी जाऊ मी आहे, घर माझ्या हुकमानं चालेल!" — ती पिशवी खाली ठेव आधी. नशिराबादला माहेरी जायचं तर जा, पण हे ऐकून जा. मला सकाळपासून हसूच आवरत नाहीये.

ज्योतीनं काल काय केलं, पोळ्यावरची राणी अलगद बाटलीत घेतली. अभ्यासाला म्हणे. राणी म्हणजे मला वाटलं मोठी कजाग असेल — छे! सगळ्यांत गरीब तीच. कुणाला ढकलत नाही, डसत नाही, नुसती पोट घासत पोळ्यावर फिरते. तिचा वास तिथं लागला, की बठ्ठ्या, एकूण एक माशी, मुकाट कामाला. आणि ती उचलली, तर अर्ध्या तासात एक साधी माशी अशी चवताळली गं — हिला चाव, तिला हाकल! ज्योती म्हणते, "आई, ही बघ, हिला राणी व्हायचंय." मी हसले, हसले — आणि मग आपलं घर आठवलं.

आपल्या सासूबाई कधी ओरडल्या आपल्यावर? नाही. त्यांच्या मिश्रीचा वास ओसरीवर आला, की आपण दोघी सरळ. त्या वरणगावला लेकीकडे गेल्या त्याला आठवडा झाला, आणि मी — सांगू? हसशील — त्याच दुपारी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून आरशासमोर फिरून पाहिलं. दोनदा! तुझ्या भाजीत मीठ कमी नव्हतंच. उगाच म्हटलं. मजा वाटली गं — महादेवा, काय मजा वाटली!

हात दे इकडे, चुना लावते. संध्याकाळी राणी परत सोडली, तर ती चवताळलेली लगेच गरीब. पण मला गरीब व्हायला सासूबाई परत येईपर्यंत थांबायचं नाहीये. दिवाळीपर्यंत मोरीत मीच जाईन, तुझे कपडेही मीच धुईन. मी माझं सगळं सांगितलं ना — आता तूही सांग, रागानं का होईना. बोल ना गं.