फौजदाराच्या गाडीवरचा शेंदूर

खिंडीनं जातो म्हणं! कोण बोललं रं ते? तू व्हय? बस खाली. रातची लाईट यायला अजून दोन तास हायत, तुझी मोटर काय हिरीतनं उडून जात न्हाई. घरला जाऊन यायचं तर मोठ्या रस्त्यानं जा. शेवरीच्या खिंडीनं न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई.

हसताय? हसा. मोबाईलच्या उजेडात समद्यांनाच हसू येतं. आता ऐका. मी एसटीच्या डेपोत तीस वर्सं फिटर होतो, गाडीखाली झोपून भाकरी खाल्लीय. त्या खिंडीतल्या भुताची मला भीती वाटत न्हाई. किळस वाटते, किळस!

खिंडीत डोहाच्या काठावर जुनी मोटार पडलीय, ठावं हाय ना? चाकं न्हाईत, काचा न्हाईत, पोटातनं निवडुंग वर आलाय. पोलिसाची गाडी. पण कुठल्या पोलिसाची? सगळा घोळ तिथंच हाय.

आपला मुलूख पूर्वी हिरडी संस्थानात. संस्थानच्या पोलिसाकडं मोटारी दोनच. दोन नंबरची सर्जेराव फौजदाराकडं, आन तिचा डायवर आपल्या गावचा कोंडिबा. संस्थान विलीन झालं त्या सालात एका रातीत मोटार गायब, कोंडिबा गायब. सकाळी फौजदार लंगडत गावात आला आन म्हणला, डायवरनं माझ्यावर हात टाकला, मोटार चोरली, मुंबईकडं नेऊन इकली. झालं! कुणी इचारलं न्हाई की बाबा, तुला कसं कळलं तो मुंबईला गेला? फौजदार बोलला म्हंजे देव बोलला.

कोंडिबाची पोर ठकू. तवा दहा वर्साची. त्या दिवसापासनं ती चोराची पोर. म्हंजे काय, सांगतो. दसऱ्याला आपण एकमेकाला सोनं देतो ना? ठकूआक्काच्या हातचं सोनं ह्या गावात कुणी घेतलं न्हाई. तिच्या दारात द्यायला बी कुणी गेलं न्हाई. एक न्हाई, दोन न्हाई, तीस दसरं! ती बाई ताटात आपट्याची पानं घेऊन उंबऱ्यात बसायची. दिवेलागणीला पानं सुकायची, मग आत जायची. लगीन झालंच न्हाई. चोराच्या घरात सोयरीक कोण करतंय?

पुढं चौदा वर्सांनी खिंडीतली दरड वाहून गेली आन ही गाडी उघडी पडली. आता डोस्कं असलेला माणूस म्हणला असता, आरं ही तीच! पण फौजदार जिता होता. पेन्शन खात होता, मिशीला पीळ देत होता. काठी टेकत गेला, लांबनंच बघितलं आन म्हणला, 'ही आमची न्हवंच. ही मुंबईच्या पोलिसांची, दरोडेखोरांच्या मागं आलेली.' गावानं माना हलवल्या. ह्या गावाला माना कशाला दिल्यात देवानं? हलवायला!

मग दोनतीन वर्सांनी फौजदार मेला. आन मेला तो मेला, त्या गाडीत जाऊन बसला! माणसं स्वर्गात जात्यात, नरकात जात्यात, हा मेल्यावर बी सरकारी गाडीतच गेला. रातच्याला शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. दोघंतिघं तापानं फणफणलं. तर गावानं काय करावं? गाडीला शेंदूर थापला! मोटारबुवा म्हणं! दर अवसेला तेल, शेंदूर, नारळ. गाडीचं तोंड वरनं खालपतूर लिंपून काढलं, इतभर जाड. जितेपणी लाचखाऊला नारळ, मेल्यावर बी नारळच! आन शेंदूर थापला कुठं? जिथं गाडीची पाटी असते, नेमका तिथं. फौजदाराला अजून काय पायजे होतं?

ऐकताय ना? मला नोकरी लागून पाचसहा वर्सं झाली होती. दसऱ्याला दोन दिवस राहिलं होतं. पुण्यास्नं एक नाडगौडा सायब आला. जुन्या मोटारी वळखणारा, लई मोठा जाणकार. पांढरी पाटलोण, नाकाला रुमाल. दहा हातांवर उभा राहिला, चित्रांचं पुस्तक उघडलं, मिटलं. 'मुंबई पोलिसांचीच आहे,' म्हणला.

मी म्हणलं, 'सायब, शेंदूर काढून पाटी तरी बघा.'

सरपंच माझ्यावर धावला. 'हात लावशील तर तंगडं मोडीन! मोटारबुवाचा कोप कोण सोसणार?'

सायब म्हणला, 'गरजच नाही. मी नजरेनं ओळखतो.'

नजरेनं! आरं, एसटी नुसती गुरगुरली तर मी चार तास खाली उताणा पडतो, तवा कळतं काय झालंय. आन हा नजरेनं! चहा प्याला, भजी खाल्ली, गेला. आन गाव लगेच ठकूआक्काच्या दारावरनं मोठ्यानं बोलत निघालं, 'पुण्याच्या सायबानं बी सांगितलं बरं का! म्हंजे कोंडिबा चोरच.'

आक्का माझी शेजारीण. जात्यावर बसली होती. हात थांबला तिचा. मला म्हणली, 'पांडबा, तुला गाड्यांतलं कळतं. तू एकदा बघशील?' तीस वर्सांत तिनं गावातल्या कुणाकडं काय मागितलं असंल तर तेवढंच.

दिवसा गेलो असतो तर गावानं खरंच तंगडं मोडलं असतं. म्हणून जेवण उरकून अंधारातच निघालो. सायकलीला पिशवी, पिशवीत रॉकेलची बाटली, पटाशी, हातोडी. खिंडीच्या तोंडाशी आलो आन फुर्रर्र! शिट्टी! थांबलो न्हाई. परत फुर्रर्र! अगदी कानाला लागून. आन आवाज आला, 'ए सायकलवाल्या, दिवा कुठाय?'

त्या काळात बिनदिव्याची सायकल पोलीस धरायचे. माझा दिवा झक्क जळत होता. फट्कन विझला! 'आता कुठाय दिवा?' म्हणला आन खी खी हसला. बघा, ही ह्याची अक्कल! जितेपणी बी असंच करायचा. आधी दिवा फोडायचा, मग दंड मागायचा. मेल्यावर माणसाला काय नवीन सुचावं का न्हाई?

म्हणलं, मर तिकडं. सायकल बोरीला टेकवली. गाडीचं तोंड वाटंकडं, बूड डोहाकडं. मी तोंडापुढं उकिडवा बसलो, रॉकेल वतलं, पटाशी लावली. खरड, खरड, खरड. एक थर निघाला, खाली दुसरा. दुसरा निघाला, खाली तिसरा. आन एकदम डोळ्यावर उजेड! गाडीचे दोन्ही दिवे पेटले! बलब न्हाई, ब्याटरी न्हाई, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, आन दिवे पेटलेत! खरं सांगतो, भ्यायच्या आधी मला रागच आला. वायरीबिगर दिवा जळतोच कसा?

वर बघितलं तर मागच्या शिटावर तो. पुरा पोशाख. पट्टा, बक्कल, मिशीला पीळ. पाय म्होरच्या शिटावर टाकलेले. बूट चकचकीत, पण टाचा म्होरं आन चवडे मागं!

'सलाम कर,' म्हणला.

'न्हाई करत जा.'

'मग धक्का मार! फौजदाराची गाडी अडलीय, दिसत न्हाई?'

आन काय सांगू राव! माझे दोन्ही हात शेंदरात गच्चकन रुतले. वढतोय, निघंनात! पाय आपोआप रेटा द्यायला लागले. मी न्हाई म्हणतोय आन पाय रेटतायत! चाक नसलेली गाडी कर्रकर्र करत मागं सरकाया लागली. मागं डोह. काळं पाणी. ती जाणार, तिच्याबरूबर मी जाणार. त्याला काय, तो आधीच मेलेला!

म्हणलं, बोलत राहावं. 'फौजदारसायब, डायवरबिगर गाडी जायची कुठं?'

'डायवर?' असा खेकसला! 'त्या राती बी मीच चालवत होतो. कोंडिबा म्हणतो, सायब, तुम्ही घेतलीय, चाक माझ्याकडं द्या. मला शिकवतो? मला?'

'मग कोंडिबा कुठाय?'

'डोहात. मी उडी मारली, गाडी काठावर दरडीखाली गेली आन तो पाण्यात फेकला गेला. बोंबलत होता. माझ्या पायाला लागलं होतं, मी कशाला थांबू?'

ऐकलंत? शरम न्हाई, काय न्हाई. मिशीला पीळ देत सांगत होता. माझ्या अंगाची आग आग झाली. पण हात अडकलेले, करतो काय? गाडीचं बूड काठावरनं खाली लोंबलं. ढेकळं पाण्यात पडल्याली ऐकू यायला लागली. डुबुक. डुबुक. मेलो आता!

तेवढ्यात सुचलं. जो खालच्याला लाथा घालतो ना, तो वरच्याला बघून चळाचळा कापतो. डेपोत असले साहेब लई बघितले मी. आन संस्थानात फौजदाराच्या वर कोण? दिवाण! मान वळवली आन छाती फुटंस्तवर वरडलो, 'दिवाणसायब आले! दिवाणसायब!'

फौजदार ताडकन उभा! टपाला डोस्कं थाडकन! हात कपाळाला, मिशी लटलट कापतीय. 'हुजूर! मी न्हवतो हुजूर! डायवरनं केलं!' मेल्याला चौदा वर्सं झाली, डोहाचं पाणी खाली दिसतंय, तरी खोटंच!

त्याचं ध्यान तिकडं गेलं आन हाताची पकड ढिली झाली. मी दोन्ही पाय रोवून असा हिसका दिला की शेंदराचं अख्खं कवच गाडीपासनं सुटून माझ्या छातीवर आलं. उलथापालथा झालो, उठलो, ते कवच पोटाशी धरलं आन पळालो. सायकल तिथंच. चप्पल तिथंच. मागं शिट्टीवर शिट्टी! 'थांब! चोर! चोर!' मलाच चोर म्हणतोय! गावची वेस आली तवा शिट्टी थांबली.

गाडी पडली न्हाई. काठावर अडकून आजून तिथंच हाय, आन तो बी आतच हाय. धक्का मागंल. दिवाणाचं नाव आता चालायचं न्हाई, एकदा फसलाय तो. म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. शिट्टी ऐकू आली तर माघारी फिरा. आन तू, मोटारसायकलवाल्या, तुला तर हेडलाईटचं लई कौतुक हाय, तू पयला बस गप.

थांबा, उठताय कुठं? माझं झालं न्हाई.

सकाळी चावडीम्होरं सगळं गाव. सरपंच कपाळ बडवतोय, 'मोटारबुवाचं कवच काढलंस! पापी!' देवाचं कवच सुटलं तर ते वाजतगाजत पाण्यात सोडायचं, ही रीत. ताशेवाला बोलावला बी होता! आणखी घटकाभर गेली असती तर कवच डोहात गेलं असतं, वर हळदकुंकू वाहून! मी हातोडी काढली आन घातले घाव. एक. दोन. फुटलं.

आतनं पितळंची पाटी निघाली. गाडीवरच्या खिळ्यांनी दम सोडला होता, ती शेंदरातच अडकून आली होती. चौदा वर्सं तेल मुरलेलं, डाग म्हणून न्हाई. वर मोर, मोराच्या पायात तलवार, आन खाली ठसठशीत बाळबोध अक्षरं. हिरडी संस्थान. पोलीस. मोटार नंबर दोन. झाकायला म्हणून फौजदारानं जो शेंदूर गावाकडनं थापून घेतला, त्यानंच ती जपली होती.

मी म्हणलं, 'मुंबईला इकलेली मोटार आपल्या खिंडीत कशी आली रं? सांगा की! पुण्याच्या सायबाला तार करा!' ताशेवाला हळूच निघून गेला.

पाटी आक्काकडं नेली. रातचं सगळं सांगितलं, डोहाचं बी सांगितलं. तिनं पाटी पदरानं पुसली, मांडीवर घेतली. मग म्हणली, 'बाबांना पोहता येत न्हवतं रं.' मी तिथं बसून रडलो, तुम्हाला काय सांगायची लाज.

दुसऱ्या दिवशी दसरा. आन आक्काच्या दारात ही रांग! पार पारापतूर. तुझा आजा होता. तुझा बी होता. फेटे बांधून, मुठी भरून आपट्याची पानं घेऊन. सरपंच सगळ्यांत म्होरं, हसतोय, जसं काय काल भेटून गेलाय. 'आक्का, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!'

आक्का उंबऱ्यात उभी. पयल्यापासनं शेवटापतूर एकेकाचं तोंड बघितलं. मग गोठ्यात गेली, शेळीचं दावं सोडलं, शेळी आणून दारात उभी केली आन आत जाऊन कडी लावली.

शेळीला काय, आपट्याचा पाला! म्होरनं सुरू झाली. सरपंचाच्या मुठीतला खाल्ला, तुझ्या आज्याच्या मुठीतला खाल्ला. कुणी हात मागं घेतला न्हाई. माना खाली घालून रांग तशीच उभी.

मी बी होतो त्या रांगेत. मला वाटलं होतं, मी पाटी आणली, मला तरी आत बोलावंल. माझा बी पाला शेळीनंच खाल्ला. आन बरोबर केलं आक्कानं. भिंतीला भिंत लागून घर होतं माझं, आन त्याच्या आधी एकाबी दसऱ्याला मी तिच्या दारात गेलो न्हवतो.