पाट किती, तेवढाच देव

नाही, पण काच कशाला पाहिजे म्हणतो मी! कॉम्प्युटरच्या डब्याला काच! आणि आत दिवे, लाल-निळे-हिरवे, फिरते... नवरात्राचा मंडप आहे का तो? पण आमची किमया, बारावीत आहे पोरगी, तिनं यादीच ठेवली माझ्यापुढे, लग्नाची यादी बरी! हे कार्ड, ते कार्ड, थंड करायला तीन पंखे, अरे आमच्या घरात माणसांना मिळून दोन पंखे आहेत! मी म्हटलं, किमे, आपलं बजेट एवढं. तर म्हणते कशी, "बाबा, एवढ्यात गेमिंगचा कॉम्प्युटर नाही येत, एवढ्यात नुसता कॉम्प्युटर येतो." आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून फाडकन निघालं, "पाट किती? तेवढाच देव!" निघालं आणि जीभ चावली मी. कारण ह्याच वाक्यानं सत्त्याण्णव साली माझं वाटोळं केलेलं आहे.

थांबा, तुम्हाला पाट म्हणजे काय ते माहीत पाहिजे ना आधी. आम्ही पेणचे, रामवाडीचे. आमचे बाबा, कमळाकर आखणीवाले, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. बाकी मूर्ती कुणीही रंगवो, डोळे बाबांचे! एकदा ब्रश टेकला की श्वास बंद, आणि भुवई एका दमात. तर गणपतीची ऑर्डर द्यायला माणसं काय करतात, आपल्या घरचा पाट आणून देतात कारखान्यात, चार-पाच महिने आधी. मग त्या पाटाच्या मापाची मूर्ती. आता काही लोक इतके हुशार, पाट आणणार एवढासा आणि म्हणणार, "मूर्ती जरा तीन फुटी द्या हो, शेजाऱ्यांची अडीच आहे." की बाबा मान वर न करता विचारायचे, "पाट किती?" गिऱ्हाईक म्हणायचं, दीड फूट. "तेवढाच देव!" विषय संपला. कारखान्यात ठीक आहे हो, पण घरातसुद्धा! मला चपला घ्यायच्या, पाट किती. आईला कपाट घ्यायचं, पाट किती. मी दहावीला पास होऊन पुण्याच्या कॉलेजचं नाव काढलं तर... जाऊ दे.

तर दहावी. बाबा बोलून बसले होते, साठ टक्क्यांच्या वर आणलेस तर कॉम्प्युटर घेईन. मी आणले अडुसष्ट! आता मला कॉम्प्युटर कशाला पाहिजे होता? अभ्यासाला? छे हो! गाड्यांच्या रेसची गेम. ती मी बघितली होती रोह्याला, अनयकडे. अनय माझ्याच बाकावर होता आठवीपर्यंत, मग त्याचे वडील रोह्याच्या कंपनीत साहेब झाले आणि गेला तो. त्याच्याकडे पेन्टियम! उभा डबा, हा एवढा, आणि त्यावर ती लाल गाडी अशी सुटायची की मी खुर्चीवर बसल्या बसल्या डावीकडे कलायचो. दर रविवारी पेणहून रेल्वेगाडीत बसून रोह्याला जायचो आणि दर रविवारी हरायचो. अनय म्हणायचा, "तुला सराव नाही रे, घरी मशीन पाहिजे." मग मी काय केलं, अख्ख्या रामवाडीत सांगून टाकलं, दिवाळीत अनय माझ्या घरी येणार, आमच्या मशीनवर रेस होणार, आणि मी जिंकणार. ही पैज नव्हती हो, इज्जत होती. सोळाव्या वर्षी दुसरं असतं काय माणसाकडे!

गणपती झाले, सीझनचा पगार हातात आला, बाबा म्हणाले, "चल रोह्याला." आणि निघताना काखेत काय घेतलं? पाट! गणपतीचा पाट! मी म्हटलं, बाबा, कॉम्प्युटर घ्यायला पाट? तर म्हणाले, "बसवायचा कुठं? कोपऱ्यातच ना?" आता हे खरं होतं. आमच्या घरात तीन पिनांचा प्लग एकच, गणपतीच्या कोपऱ्यात, रोषणाईसाठी घेतलेला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आईचं कपाट, मधे पाट बसेल तेवढीच जागा. मी म्हटलं, टेपनं मापू या. "टेप घसरतो. पाट घसरत नाय." घ्या! मी अख्ख्या गाडीत तोंड फिरवून बसलो, कुणाला वाटू नये ह्या पाटवाल्याबरोबर आहे म्हणून.

दुकान हिरामणशेठचं, रोहा स्टेशनच्या जवळ. हा माणूस प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणतो'नं सुरू करणार. "मी काय म्हणतो काका, बजेट काय?" बाबांनी काउंटरवर पाट ठेवला. हिरामणशेठ पाटाकडे बघतो, बाबांकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. "मी काय म्हणतो... ह्याच्यावर बसून पूजा करणार का मशीनची?" बाबा म्हणाले, "ह्याच्यावर बसंल तो दाखवा."

एकाच बजेटमधे दोन होते हो, दोन! एक पेन्टियम, पण त्यात स्पीकर नाही, सीडी नाही, मेमरी कमी, ते सगळं पुढेमागे घालायचं. आणि दुसरा फोर एटी सिक्स, पेन्टियमच्या आधीचा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, आडवा डबा, डब्यावर टीव्ही, स्पीकर आहे, सीडी आहे, सगळं आहे, फक्त... ताकद नाही! आणि ती गेम मागायची पेन्टियम. मी बाबांच्या कानात जीव तोडून सांगतोय, बाबा, उभा, उभा! आणि बाबा काय करतायत? एक डोळा मिटून दोन्ही मशीनसमोर उभे. डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात, गुडघ्यावर बसून खालून बघतात. हिरामणशेठ मला हळूच विचारतो, "मी काय म्हणतो, काकांना बरं नाही का?" मग बाबांनी निकाल दिला. पेन्टियमकडे बोट करून म्हणाले, "ह्याचं तोंड एकीकडं, धड एकीकडं. असा देव घरात कोण आणतो?" आणि आडव्या डब्याला म्हणाले, "ह्याला बैठक हाय. नजर सरळ हाय." नजर! फोर एटी सिक्सची नजर! मी शेवटचं सांगून बघितलं, बाबा, ह्याच्यावर माझी गेम चालणार नाही हो. त्यांनी तो आडवा डबा उचलून पाटावर ठेवला. असा बसला, असा बसला, चारी बाजूंनी बोटभरसुद्धा बाहेर नाही. आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "पाट किती?"

रडू आलं होतं मला, खरं सांगतो.

बरं, घेतला तर घेतला, सरळ खोक्यात घालून आणावा ना? खोकं नव्हतंच, जुना माल! हिरामणशेठ म्हणाला, गोणपाटात बांधून देतो. बाबांचा चेहरा बघायला पाहिजे होता. "गोणपाट? काच हाय त्याला!" आणि गेले कुठेतरी, अर्ध्या तासानं पेंढा घेऊन आले. भाताचा पेंढा! पेणचा गणपती कुठेही जाऊ दे, पेंढ्यात बसून जातो आणि नखसुद्धा तुटत नाही. बाबांनी टोपलीत पेंढा रचला, डबा ठेवला, फटीफटीत पेंढा कोंबला, आणि वरून टीव्हीच्या तोंडावर... रुमाल! हो, घरी पोचेपर्यंत देवाचं तोंड झाकायचं असतं ना! हाताला सवय हो, दुसरं काय.

परत गाडीत. निडी स्टेशनला दोन बायका चढल्या भाजीच्या टोपल्या घेऊन. एकीनं बघितलं, टोपली, पेंढा, रुमाल. "अगो बाय, गणपती! दिवाळीच्या तोंडावर? दादा, नवसाचा हाय काय?" आणि चप्पल काढून नमस्कार! टोपलीतलं जास्वंदीचं फूल काढून वाहिलं त्याच्यावर! मग काय, गाडीतला अख्खा डबा रांगेत. एका म्हाताऱ्यानं नातवाचं डोकं टेकवलं. मी बाबांना ढोसतोय, सांगा ना, सांगा ना तो काय आहे ते! बाबा हळूच म्हणाले, "तिनं नमस्कार केलाय. आता परत कसा घेणार?" घरी पोचलो तर दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. चालू केला तर पंख्यातून कर्रर्र कर्रर्र... पेंढा! चार दिवस मी आईच्या भुवयांच्या चिमट्यानं काडी काडी उपसत होतो.

आणि आला दिवाळीचा रविवार. अनय आला, सीडी घेऊन आला. खिडकीत रामवाडीतली दहा डोकी. गेम टाकली. पहिली पाच मिनिटं नुसता काळा पडदा. मग गाडी दिसली. मी बटण दाबलं. गाडी... निघाली म्हणावं तर नाही. एक चित्र, मग थांबायचं, मग दुसरं चित्र. वळण आलं, आईनं चहा आणला, चहा पिऊन झाला, वळण संपलं नाही! अनय बिचारा चांगला होता, म्हणाला, चित्र बारीक करून बघू. पत्त्याच्या पानाएवढं केलं तरी तेच. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ढकला रे तिला!" हसले हो सगळे. अनयसुद्धा हसला, तोंड फिरवून हसला, पण हसला. आणि माझं डोकं सटकलं. बाबा दारात उभे होते. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तुमच्या पाटापायी माझी इज्जत गेली! तुम्हाला यातलं कळतं तरी काय!"

बाबा तिथूनच मागे वळले. पायांत चपला घातल्या आणि कारखान्यात गेले. दिवाळीत! दिवाळीत काय काम असतं हो गणपतीच्या कारखान्यात?

मग तुम्हाला सांगतो, आम्ही दोघं बोललोच नाही महिनाभर. गंमत म्हणजे कॉम्प्युटरवर बाबाच बसायला लागले. त्यात पत्त्यांचा खेळ होता, एकट्यानं लावायचा. तो मात्र फोर एटी सिक्सवर सुसाट! जेवण झालं की बाबा चष्मा चढवून हजर. "ह्यात बरं असतं," म्हणायचे, "कुणी चिडत नाय." हे मला होतं.

पुढच्या वर्षी, पावसाच्या आधी, मी कॉलेजातून आलो तर घरात ठोकाठोक. आईचं कपाट स्वयंपाकघरात, आई करवादतेय, "माझ्या साड्यांना फोडणीचा वास येणार गो बाय आता!" आणि कोपऱ्यात नवा पाट. सागाचा. जुन्यापेक्षा चांगला वीतभर रुंद. बाबा तिथेच भिंतीला टेकून बसलेले, म्हणाले, "तुझा तो उभा डबा बसंल आता. ह्या सीझनला घेऊ."

सॉरी म्हणायचं होतं हो, पण आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नव्हती. मी म्हटलं, चहा टाकू का?

आणि त्याच सीझनला बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोळे आखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत! आखणी बंद. मूर्तींना नुसतं पांढरं मारायचं काम, पगार निम्मा, तो ऑपरेशनला. पेन्टियम राहिला. मग मी कंपनीत लागलो, शिफ्ट, लग्न, किमया... गाड्यांची गेम खेळायचं वय निघून गेलं. पाट राहिला. दर वर्षी गणपती बसतो त्यावर, मूर्ती जुन्याच मापाची, बाजूला वीतभर जागा रिकामी. मी तिथे फुलांचं तबक ठेवतो. दर वर्षी ठेवतो, जागा रिकामी दिसू नये म्हणून.

तर आता परवा, मी किमयाला ते वाक्य ऐकवलं, पाट किती, तेवढाच देव! आणि ही कार्टी उठली, माळ्यावरून पाट काढला, टेप लावला. "बाबा, पाट तर मोठा आहे. तुम्हीच देव लहान आणताय!" मी म्हटलं, किमे, तसं नसतं ते, तो एक... ते म्हणजे... आणि खाटेवरून आवाज आला. बाबा. आता पंचाहत्तरी उलटली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले, आम्हाला वाटतं झोपलेत. म्हणाले, "निकेश, पाट मोठा कशाला केला होता मी? तबक ठेवायला?"

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं हा माणूस ते तबक बघत होता आणि बोलला नाही.

काय करणार? दिली ऑर्डर. काचेसकट, दिव्यांसकट, तिन्ही पंख्यांसकट. रोह्यालाच, हिरामणशेठच्या पोराकडे. तोही बापासारखाच, "मी काय म्हणतो निकेशदादा, बजेट काय?" आणि निघताना बाबांनी हाक मारली, "काच हाय ना त्याला? मग पेंढ्याशिवाय आणायचा नाय!" मी म्हटलं, बाबा, आता थर्माकोल असतो, खोकं असतं. "थर्माकोल घसरतो. पेंढा घसरत नाय." आणला हो. पेंढ्यात आणला. पाटावर ठेवला, त्या वीतभर जागेत उभा डबा असा बसला, असा बसला... बाबांनी एक डोळा मिटून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, "नजर सरळ हाय."

मला वाटलं, चला, आता तरी एक रेस. एकच! बघतो तर खुर्चीत बाबा. किमया बाजूला उभी. "ह्यात तो पत्त्यांचा हाय ना गो?" आणि तिनं लावून दिला! एवढी यादी, एवढी कार्डं, आणि बाबा त्यावर लाल गुलामावर काळी दश्शी ठेवतायत, डब्यात दिवे फिरतायत. बाबांनंतर किमयाचा नंबर, रात्रीपर्यंत.

आणि मी? मी खाली बसलोय, चिमटा घेऊन. ह्या वेळी तीन पंखे आहेत हो... तिन्हीत पेंढा.