अर्धा डबा तेल

धाकटी : ताई, धार बघा, धार! कॅनमध्ये पडतेय की माझ्या पायावर?

थोरली : अगं हो, दिसतंय मला. डबाच जड आहे. फडकं नको आणूस, ते तेल पिऊन टाकेल. चमच्यानं गोळा करते.

धाकटी : फरशीवरचं?

थोरली : फरशी सकाळीच पुसलीय. खायला नाही गं, दाराच्या बिजागरीला घालीन. केव्हाची कुरकुरतेय.

धाकटी : तुमच्या घरात काही वाया जायचं नाही. काटा बघा, किती झालं?

थोरली : साडेसात किलो. अगदी निम्मं. चमचाभर तुझ्याकडेच जास्त गेलं असेल.

धाकटी : मग काढून घ्या चमचाभर.

थोरली : राहू दे. भाऊजींना तळलेलं लागतं, माहीत आहे मला.

धाकटी : आता नाही लागत. आता उकडलेलं वाढते आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते.

थोरली : डॉक्टरकडे कधी गेला होतात?

धाकटी : कशाला जायचं? कुठलाही डॉक्टर तेच सांगणार. फी वाचली.

थोरली : भारी आहेस! आणि साबणाचं केलंस का, मी सांगितलं होतं ते?

धाकटी : केलं. वडी आणली की दोन तुकडे करते आणि कपाटावर वाळायला ठेवते. वाळलेला खरंच जास्त टिकतो. मुलगी म्हणते, आई, फेसच येत नाही. म्हटलं, घास अजून, तेवढाच व्यायाम.

थोरली : आमच्या मुलाचा शाळेचा जुना शर्ट झाला का तिला?

धाकटी : बाह्या आखूड केल्या, कॉलर उलटी करून शिवली. बाजारात दुकानं आवरायच्या वेळी जाते, भाजी निम्म्या भावात मिळते. पाणी एकदाच तापवते. आणखी काय? ताई, दर खेपेला हेच विचारता, मी सांगते. पण आज तुमचं लक्ष नाही. तीनदा खिडकीशी जाऊन आलात. दादा यायचेत का?

थोरली : ते कसे येतील? छापखान्यात आहेत, पाळी सुटल्याशिवाय हलत नाहीत. आणि आलेच तर मागचा जिना आहे की.

धाकटी : आहे ना. डबा दोघींत घेतला की स्वस्त पडतो, म्हणून तेलाचा कॅन पिशवीत, वर कपड्यांच्या घड्या, आणि मी चोरासारखी जिना उतरतेय. सख्ख्या जावा आपण. लोक चोरून काय काय करतात, आपण चोरून काटकसर करतो.

थोरली : मग काय करायचं? भाऊ भाऊ तोंड बघत नाहीत एकमेकांचं. कर्ज काढून छपाईचं मशीन घेतलं दोघांनी, सह्या दोघांच्या. काम आटलं, मशीन मातीमोल भावात गेलं, तेव्हा हा म्हणतो तुझ्या हट्टापायी आणि तो म्हणतो तुझ्या भित्रेपणापायी. बँकेचं बरं आहे बाई, तिनं कुणाशी अबोला धरला नाही. दोघांकडून निम्मं निम्मं घेते, महिन्याच्या महिन्याला.

धाकटी : हे पाठ आहे मला. खिडकीचं सांगा.

थोरली : तू आधी बस.

धाकटी : मुलगी शाळेतून यायची वेळ झालीय. उभ्यानं सांगा.

थोरली : बस म्हणते ना! ... पलीकडच्या गल्लीत एक घर रिकामं झालंय. वरचा मजला, तीन खोल्या. स्वयंपाकघर एवढं मोठं की त्यात पलंग मावेल. आणि भाडं किती, माहीत आहे? मी इथे भरते आणि तू तिथे भरतेस, त्या दोन्हींची बेरीज कर. त्याच्या निम्म्याहून जरासं वर.

धाकटी : म्हणजे सगळ्यांनी एकत्र?

थोरली : सगळ्यांनी. पूर्वीसारखं.

धाकटी : कधी?

थोरली : घरमालकिणीला आज निरोप हवाय. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे तिच्याकडे.

धाकटी : आज? आणि हे तुम्ही मला तेल ओतता ओतता सांगताय?

थोरली : मग काय पत्रिका छापून सांगू? अगं, दोन वर्षं साबण कापतोय आपण. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, कुठे साचतंय? इकडे थेंब टाकावा आणि तिकडे भाड्याचं भगदाड. ते बुजवलं तर दोन वर्षांत कर्ज संपेल. हिशेब केलाय मी. नाही बुजवलं, तर आपली पोरं मोठी होऊन फेडत बसतील.

धाकटी : तुम्ही तिला हो म्हणालात.

थोरली : हो नाही म्हटलं.

धाकटी : मग?

थोरली : नाही पण नाही म्हटलं.

धाकटी : ताई!

थोरली : ओरडतेस काय? यात वाईट काय आहे ते सांग.

धाकटी : मला नको आहे.

थोरली : का?

धाकटी : सांगितलं तर राग येईल तुम्हाला.

थोरली : येऊ दे. रागाला पैसे पडत नाहीत.

धाकटी : ... कर्ज झालं म्हणून मला घर मिळालं, ताई.

थोरली : काय?

धाकटी : सामान बांधताना सगळे रडत होतो. मीही रडले, खोटं नव्हतं ते. पण नव्या जागेत गेलो, एक खोली, वर पत्रा, नळ बाहेर, आणि मी फळीवर डबे लावायला घेतले. साखर कुठे, चहा कुठे, पीठ कुठे. कुणाला विचारायचं नव्हतं. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. घर बुडालंय, नवरा डोक्याला हात लावून बसलाय, आणि ही बया डबे लावत गुणगुणतेय.

थोरली : का, मी काय तुझे हात बांधून ठेवले होते?

धाकटी : नाही ना. तुम्ही कधी वाईट वागला नाहीत. वागला असतात तर भांडले असते, मोकळी झाले असते. मी भाजी टाकायची, आणि तुम्ही मागून येऊन झाकण उचलायचात. रोज. बोलायचात काही नाही. बघायचात, झाकण ठेवायचात आणि निघून जायचात. मी दिवसभर विचार करत बसायचे, काय चुकलं असेल?

थोरली : अगं, मी वास घ्यायला यायचे.

धाकटी : वास?

थोरली : माझ्या हाताला तसा वास येत नाही भाजीला. आवडायचा मला.

धाकटी : मग सांगायचं होतंत!

थोरली : सांगायचं काय त्यात? मोठ्या जावेनं धाकटीला सांगायचं, बाई, तुझी भाजी माझ्यापेक्षा बरी होते? तेवढा मोठेपणा नव्हता माझ्याकडे.

धाकटी : आणि मी सगळी वर्षं... जाऊ दे. निघते मी.

(बाहेरच्या दाराची कडी वाजते.)

थोरली : घरमालकीण आली वाटतं!

धाकटी : बाईमाणसाची पावलं नाहीत. बूट आहेत.

थोरली : अगं बाई, हे! आत जा, आत जा.

धाकटी : आत म्हणजे कुठे? आतच आहे मी!

थोरली : मग मागच्या जिन्यानं...

धाकटी : पायाला तेल लागलंय. घसरून मरेन.

थोरला : (दार लोटून आत येत) कोण मरतंय?

थोरली : कुणी नाही! ही आपली... इथून चालली होती, म्हटलं, पाणी तरी पिऊन जा.

थोरला : साडेसात किलो तेल घेऊन चालली होती?

थोरली : तुम्हाला काय ठाऊक किती ते?

थोरला : डबा पंधराचा असतो.

धाकटी : दादा...

थोरला : आम्ही तीन माणसं. डबा महिन्यात संपतो. छापखान्यात मुंगीएवढी अक्षरं वाचतो मी. घरातला डबा दिसणार नाही?

धाकटी : म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं तुम्हाला?

थोरला : पहिल्या डब्यापासून.

थोरली : आणि बोलला नाहीत? दर महिन्याला जीव मुठीत धरून ओततेय मी!

थोरला : विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला नको म्हणावं लागलं असतं.

धाकटी : मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दूध आम्ही प्यायलो आणि डोळे तुम्ही मिटलेत.

थोरली : हसतेस काय? आणि तुम्ही आज आत्ता कसे? बरं नाही का?

थोरला : बरा आहे. जादा पाळी बंद केली.

थोरली : तुमची?

थोरला : सगळ्यांची. काम नाही म्हणाले.

थोरली : अहो, जादा पाळीच्या पैशांतून तर आपला हप्ता जातो.

थोरला : पाणी दे.

धाकटी : मी देते.

थोरली : बघ. ऐकलंस ना? मी काय हौस म्हणून घर बघतेय? अहो, मी हिला सांगत होते, पलीकडच्या गल्लीत...

थोरला : वरचा मजला. जिना अरुंद आहे.

थोरली : ते पण माहीत आहे?

थोरला : पाटी लावली त्याच दिवशी बघून आलो.

थोरली : या माणसाला सगळं माहीत असतं आणि तोंडातून एक अक्षर निघत नाही! दुसऱ्यांची अक्षरं छापता छापता स्वतःची संपली की काय तुमची?

थोरला : तिला नको असेल तर नको म्हणावं. ती तेव्हाही खूश नव्हती.

थोरली : बरोबर! हे पण माहीत! मलाच तेवढं माहीत नव्हतं. मी मूर्ख! अगं, कर्जाचं एक असू दे. दोन वर्षं या भिंतींशी बोलतेय मी. हे येतात, जेवतात, झोपतात. मुलगा कानात इअरफोनची बोंडं घालून बसतो, हाक मारली तर हात करून थांब म्हणतो. महिन्यात एक दिवस तेल येतं, त्या दिवशी मला माणसाचा आवाज ऐकू येतो. साबणाचं दरवेळी विचारते म्हणतेस ना? मला काय साबणाचं पडलंय? तू बोलत राहावंस म्हणून विचारते. मला तू हवी आहेस घरात. झालं, सांगितलं.

धाकटी : ताई, रडू नका.

थोरली : रडत नाहीये. धर हा पेला, आणि दे तो त्यांना.

धाकटी : ... दादा, घर घ्यायचं म्हटलं तर यांना कोण बोलावणार?

थोरला : तू सांग की.

धाकटी : मी सांगितलं तर येणार नाहीत. ते तुमची वाट बघताहेत. तोंडानं म्हणत नाहीत, पण फोन वाजला की आधी नाव बघतात आणि मग उचलतात.

थोरला : काय बोलू मी त्याच्याशी?

धाकटी : ते मी कसं सांगू? तेल आम्ही वाटलं, साबण आम्ही कापला. बोलणंसुद्धा आम्हीच करायचं का?

थोरला : ... नंबर लावून दे.

थोरली : नंबर तुमच्याकडे आहे.

थोरला : आहे. ... हॅलो. ... हो, मीच. ... नाही, नाही, सगळे ठीक आहेत. ... तसं काही नाही. अरे, तुझं ते लोखंडी कपाट आहे ना? ... हां, तेच, आईचं. वरच्या मजल्यावर न्यायचं तर जिन्यात वळेल का? ... पलीकडच्या गल्लीत. ... अरुंदच आहे, तेच म्हणतोय. ... बरं. ... बरं. ... मग ये ना बघायला. ... आजच. ठेवतो.

थोरली : काय म्हणाले भाऊजी?

थोरला : उभं वळणार नाही. दारं काढून आडवं न्यावं लागेल.

थोरली : एवढंच?

थोरला : पाना घेऊन येतो म्हणाला.

थोरली : दोन वर्षांनी भाऊ भाऊ बोलले, ते पान्याबद्दल!

थोरला : घरमालकिणीकडून किल्ली आणतो मी.

थोरली : बूट नीट घाला, लेस सुटलीय... गेले. अगं, पाहिलंस का? माणूस पळत गेला. मी यांना पळताना शेवटचं कधी पाहिलं होतं, देव जाणे.

धाकटी : ताई, मी अजून हो म्हटलेलं नाही.

थोरली : म्हणजे? तिकडे कपाटाची दारं काढायला निघाले, आणि तू...

धाकटी : ऐकून घ्या. येते मी. पण शेवटचा हप्ता गेला की दुसऱ्या दिवसापासून मी माझं वेगळं घर शोधणार. एक खोली मिळाली तरी चालेल. आणि तेव्हा, धाकटीनं घर फोडलं, असं म्हणायचं नाही.

थोरली : लोक म्हणणारच.

धाकटी : लोकांचं सोडा. तुम्ही म्हणायचं नाही. मनातसुद्धा नाही.

थोरली : मनातलं तुला काय कळणार?

धाकटी : आजपर्यंत नाही कळलं, म्हणून तर शब्द मागतेय.

थोरली : ... दिला. नाही म्हणणार. तुझा संसार आहे, तू कर. मी सामान बांधायला येईन.

धाकटी : रडत नाही ना यायचं?

थोरली : ते नाही सांगता येत.

धाकटी : बरं. मुलीला शाळेतून घेऊन थेट तिकडेच येते. यांना आधी जिना दाखवू नका, तोंड वाकडं करतील. येऊ का?

थोरली : ये. ... अगं, ऐक.

धाकटी : काय?

थोरली : मग हे कर्ज... लवकर फेडायचं, की जरा सावकाश?