लांडगा मेलेला नाही

प्लंबर : काकू, नळ गळतोय म्हणून बोलावलंत ना? बेसिनखाली तर सगळं कोरडं ठणठणीत आहे.

काकू : हळू बोला हो, आत ऐकू जाईल! नळाला काही झालेलं नाही. मला तुमची दाढी हवी होती.

प्लंबर : काय हवी होती?

काकू : दाढी, ते लांब केस आणि नाक. समोरच्यांची टाकी बसवायला आलात तेव्हाच म्हटलं, हा हुबेहूब लांडगा!

प्लंबर : तो रॉक गाणारा? अहो, केव्हाच मेला तो. विमान पडलं ना त्याचं?

काकू : श्श! आमच्या घरात तो मेलेला नाही. आमचे हे आणि शेजारचे नाना, दोघांनी अर्धी हयात तो जिवंत आहे हे सिद्ध करण्यात काढली. शवपेटी चौघांनीच उचलली, म्हणजे रिकामी होती. त्याचा ड्रमवाला अंत्ययात्रेत जांभई देत होता, म्हणजे सगळं नाटक. आणि शेवटच्या रेकॉर्डच्या कव्हरवर कोपऱ्यात एक गळका नळ आहे.

प्लंबर : बरं, मग?

काकू : मग काय! लांडगा वेश पालटून लोकांचे नळ दुरुस्त करत फिरतोय.

प्लंबर : एवढा कोट्यधीश माणूस लोकांच्या संडासात हात घालेल?

काकू : मीसुद्धा हेच म्हणायचे. रोज संध्याकाळी व्हरांड्यात दोघांचं कोर्ट भरायचं, आणि मी आतून ओरडायचे, पुरे करा तुमचा लांडगा! आता नाना गेले. तेव्हापासून ह्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. वाढलं की जेवतात, आंघोळीला म्हटलं की उठतात, पण शब्द म्हणून नाही. डॉक्टर म्हणतात, तब्येत उत्तम आहे. मला हे घर खायला उठतं हो.

प्लंबर : त्यात मी काय करणार, काकू?

काकू : आत जायचं आणि म्हणायचं, मीच लांडगा. आपलं खरं ठरलं म्हणून तरी बोलतील.

प्लंबर : आणि गा म्हणाले तर? मी गायला लागलो की माझी बायको खिडक्या लावून घेते.

काकू : घसा बसलाय म्हणा. चला आता, मागे वळायचं नाही. अहो, बघा तरी कोण आलंय!

(आतली खोली. काका खिडकीशी पाठमोरे बसलेले.)

प्लंबर : काका, मी... मीच लांडगा. म्हणजे तोच. मेलो नव्हतो मी. विमानात बसलोच नाही. काका? ऐकू येतंय ना?

काकू : ऐकलंत का? तुमचंच खरं होतं हो!

काका : हात.

प्लंबर : आं?

काका : डावा हात दाखवा.

काकू : अगं बाई, बोलले!

काका : बोटांच्या टोकांना घट्टे नाहीत. गिटारच्या तारा दाबून दाबून पडतात ते. ह्यांचे घट्टे उजव्या तळव्याला आहेत. ते पान्याचे.

प्लंबर : बरीच वर्षं वाजवली नाही, काका.

काका : ड्रमवाल्याने जांभई का दिली?

प्लंबर : झोप झाली नसेल बिचाऱ्याची.

काका : साफ चूक! ती जांभई नव्हतीच, इशारा होता. खऱ्या लांडग्याला हे माहीत नसेल होय?

प्लंबर : काकू, आपण पकडले गेलो. माफ करा काका, मी साधा प्लंबर आहे.

काका : साधा? दाढी तीच, नाक तेच, आणि शिरलात नेमके माझ्याच घरात? रेकॉर्ड कंपनीने पाठवलंय तुम्हाला! आधी तोतया दाखवायचा, तो खोटा निघाला की म्हातारा गप्प बसेल. म्हणजे मी अगदी जवळ पोचलोय!

प्लंबर : अहो काकू, सांगा ना ह्यांना काहीतरी!

काकू : काय सांगू? मला तर पटतंय.

प्लंबर : धन्य आहात दोघं! मी निघतो.

काका : जा, आणि सांगा तुमच्या साहेबांना, मी गप्प बसणाऱ्यातला नाही! ...तुला पटतंय? तुला कधीपासून पटायला लागलं?

काकू : आजपासून.

काका : नाना हे ऐकून खुर्चीतून उडालाच असता. आता कुणाला सांगू मी?

काकू : त्यांच्या खुर्चीत मी बसते.

काका : तुला काहीच माहीत नाही. पार पहिल्यापासून सांगावं लागेल.

काकू : सांगा की. मला कुठे जायचंय?