न दिसणारा बंड्या

—नाही नाही, पिशवी आधी टेबलावर ठेवा, हिंदकळवू नका, आणि आवाज जरा खाली, ही स्वयंपाकघरात आहे. बसा. अहो, त्या स्टुलावर नको, ते लंगडं आहे, पाहुण्यांची गंमत बघायला ठेवलंय मी — तुम्ही आज पाहुणे नाही, परीक्षक! तुमच्यासाठी खुर्ची. आणि पिशवीतले हे दोघे नारिंगी पट्टेवाले मासे माझ्याकडेच बघतायत की काय? बघा कशी तोंडं उघडतायत, थेट आमचे जावई — सासऱ्यापुढे आले की असंच, आवाज नाही, नुसती उघडमीट. बरं, काढा तुमच्या त्या नळ्या नि थेंबांच्या बाटल्या आणि तपासा पाणी. पण दुकानदार, एक ऐकून ठेवा. पाणी नापास झालं ना, तर ही टाकी उद्या घराबाहेर. हिचा हुकूम! ह्या खिडकीत हिचं शिलाई मशीन होतं. मी ते ढकललं पॅसेजमध्ये, तिथं म्हणे काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. म्हणाली, समुद्र आणा नाहीतर आभाळ आणा, पण दुकानदार परत येतील त्या दिवशी आत मासा पोहला नाही, तर माझं मशीन खिडकीत आणि तुमचा समुद्र जिन्याखाली.

मी आपलं खुशाल हो म्हटलं. मला काय ठाऊक, खाऱ्या पाण्यात मासा लगेच सोडायचा नसतो म्हणून? मी तर घरातल्या मिठाची बरणी घेऊन ओतायलाच निघालो होतो — हसू नका, तुम्ही फोनवर ओरडलात म्हणून थांबलो. मग तुमचं ते समुद्राचं मीठ बादलीत ढवळलं, खारटपणा मोजला, तो पाण्यातला पंखा लाटा काढायला लागला, दगड रचले. जिवंत दगड म्हणे! मी रोज त्यांना सुप्रभात म्हणतो, अजून एकानं मान हलवली नाही. आणि त्यानंतर काय? कित्येक आठवडे नुसतं पाणी, नुसते दगड, वर निळा दिवा, आणि अख्खी बिल्डिंग दारात — आजोबा, मासे कुठायत? मासे आणायचे विसरलात का? माझी टिंगल! माझी! आयुष्यभर लोकांची टोपी उडवणाऱ्या माणसाची!

मग मी काय केलं — जवळ या — मी सांगितलं, मासा आहे. फक्त दिसत नाही. खोल समुद्रातली जात, काचेसारखा आरपार. नाव बंड्या. हा हा! खालचे वकील आले, काचेला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, दिसला, शेपटी दिसली! वकील हो! वरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा अशक्त वाटतोय. मला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग करून न्हाणीघरात पळालो, तर त्यांनी मला खोकल्याचं औषध लिहून दिलं.

पण खरी कमाल पुढेच आहे. ही! लग्न झाल्यापासून माझ्या एका थापेला भुलली नाही ही बाई. साखरेच्या डब्यात मीठ भरा, झाकण न उघडता ओळखते. आणि बंड्यावर विश्वास ठेवला! रोज सकाळी खुर्ची ओढून टाकीपुढे बसते, चिमूटभर माशांचं खाणं टाकते आणि त्याच्याशी बोलते. मी तिकडे पडद्यामागे, तोंडात रुमाल कोंबून. बघ रे बंड्या, आज पण ओला टॉवेल पलंगावर. बघ रे बंड्या, गोळी घेतली म्हणाले, गोळी उशीखाली. सगळं माझंच गाऱ्हाणं! आणि एकदा — जाऊ द्या. नाही, सांगतो. एकदा म्हणाली, हे घरात असले की घर भरल्यासारखं वाटतं रे, पण त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील. मला कधी म्हणाली नाही हो असं. मला म्हणते, पाय पुसून या.

म्हणून थांबवलं नाही मी. ठाऊक होतं, मासाच नाही तर खाणं खाणार कोण, ते कुजणार, पाणी नासणार. रोज ठरवायचो, आज सांगू. आणि सकाळी परत पडद्यामागे. आता नळीत काय रंग येतोय कुणास ठाऊक... पिवळा? मेलो. पिवळा म्हणजे नापास ना? पिवळा म्हणजे — पास? अहो, पास कसं? कुजलेल्या खाण्यावर पास? काय म्हणता, टाकायचंच असतं? कुजलं की त्यावर दगडांतले ते बारीक जीव पोसतात, आणि तेच मग पाणी साफ ठेवतात? मग मला का नाही सांगितलं? सांगितलं होतं? पहिल्याच दिवशी? अस्सं... मी तेव्हा तुमच्या दुकानातल्या खेकड्याला चष्मा घालत होतो. बरोबर. आठवलं.

काय म्हणता, काकूंनी विचारून घेतलं होतं? कुठल्या काकूंनी? ह्या घरातल्या? त्यांनी तुम्हाला फोन — केव्हा? सुरुवातीलाच? म्हणाली की ह्यांचं लक्ष नव्हतं, मलाच सांगा काय करायचं ते...

थांबा. थांबा हं जरा.

म्हणजे तिला ठाऊक होतं. बंड्या-बिंड्या कुणी नाही, ठाऊक होतं. मग बोलत कुणाशी होती? तो पडदा — तो फरशीपर्यंत पोचत नाही हो. गुडघ्याखाली सगळा मोकळा. माझे पाय दिसत असणार. रोज. टॉवेल, गोळी... आणि ते घर भरल्यासारखं, ते पण...

उठा. चहा नाही, काही नाही, चहा पुढच्या वेळी. मासे राहू द्या, पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं पाणी, हे मी ऐकलं होतं, तेवढं ऐकलं होतं. जाता जाता मशीनचं ते टोक धरा — हळू! — इथं, टाकीला लागून. निळ्या दिव्यात काळा दोरा दिसेल तिला. आणि हे बघा, तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. हे दोघे आले म्हणून बंड्या कुठं जात नाही, तो इथंच राहतो. हसताय काय? निघा, दार हळू लावा. उद्या सकाळी मला पडद्यामागे उभं राहायचंय.