परत येऊन सांगा

पुढील बोलणे मी सात फेब्रुवारीस, दुपारी तीन ते पावणेचारच्या दरम्यान, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांच्या दुकानात ऐकले. आत्याचे मशीन दाखवणे आणि कारागीर चालवत असलेल्या, मशीन दुरुस्तीच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाविषयी प्रबंधासाठी विचारणे, अशी माझी दोन कामे होती. माझे प्रश्न वगळले आहेत.

— नाही हो, बंद कुठं पडलंय? तेच तर दुखणं आहे! धो धो चालू आहे. साठ हजार सभासद! सुरुवातीला आम्ही चाळीस होतो, सगळे मशीनवाले — आणि नियम एकच: उत्तर मिळालं की मशीनवर करून बघा आणि परत येऊन सांगा, लागू पडलं की नाही. नाही सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही. — कडक? अहो, त्या कडकपणावरच सगळं उभं होतं! खरं कुठलं, थाप कुठली, आठवड्यात कळायचं. तेलवाले काका होते आमच्यात — काहीही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आधी तेल घाला, मग बोला.’ तोंडानं फटकळ, पण एक उत्तर चुकलं नाही — म्हणजे एक चुकलं, तेही स्वतःच येऊन कबूल करून गेले. मग गर्दी वाढली. नवे म्हणाले, परत यायची कटकट कशाला? काढला नियम. — कुणी म्हणजे? मीच, मालक मीच ना! आकडा रोज वाढत होता, डोक्यात गेला माझ्या. आता ‘दोरा तुटतो’ दिवसातून सात वेळा येतं, आणि खाली शंभर जण — ‘माझंही तसंच’, ‘छान माहिती’. कसली डोंबलाची माहिती! — काका? गेले. म्हणजे घालवले. तीन तक्रारी आल्या की खातं आपोआप बंद, असं मी करून ठेवलेलं — एकटा कुठं कुठं बघणार? दोन नवख्यांनी केल्या, उद्धट बोलतात म्हणून. आणि तिसरी — अहो, माझ्याच उत्तराखाली लिहिलं त्यांनी, सगळ्यांदेखत, ‘मालक, हे करून पाहिलंत का?’ नव्हतं पाहिलं. मालक असून नव्हतं पाहिलं! माणूस चिडतो हो, बोट पडतं बटणावर — ते लिहू नका. दुसऱ्याच दिवशी खातं उघडलं मी, माफी लिहिली, पण काका फिरकले नाहीत. आता दर सोमवारी मुद्दाम चुकीचं उत्तर टाकतो — चूक बघून गप्प बसेल तो माणूसच नाही, आज ना उद्या येतीलच ना? तर परवाच्या चुकीच्या उत्तराला चारशे जणांची पसंती! चारशे! एकानं विचारलं नाही, करून पाहिलंत का म्हणून! — मिटा ती वही. आत्याबाईंचं मशीन शुक्रवारी न्या. चालवून बघा आणि परत येऊन — नको, राहू द्या. निघा तुम्ही.

सभासदसंख्या, काढलेला नियम आणि त्या चारशे पसंत्या मी स्वतः पडताळल्या आहेत. मशीन उत्तम चालते. तसे मी परत जाऊन सांगितले, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. तिसरी तक्रार कोणाची होती, हे मात्र मला कधीच पडताळता आले नाही. तक्रारदारांची नावे फक्त मालकांना दिसतात.